ज्येष्ठ आई-वडिलांना घेऊन चीन: बीजिंग, दातोंग, शीआन, लुओयांग (दरवाजे, पायऱ्या, तिकिटं)

निरगुडी

भारतीय पासपोर्टवर चीनचा पर्यटक व्हिसा जुलै २०२५पासून पुन्हा मिळू लागला. ऑक्टोबर २०२५मध्ये कोलकाता–ग्वांगझौ थेट विमानही परत सुरू झालं. तेव्हापासून ‘सत्तरीच्या आईला किंवा बाबांना चीन झेपेल का?’ अशी विचारणा वारंवार होते आहे. माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. व्याप्ती शीर्षकात दिली आहे. शांघायच्या इमारती आणि खरेदीसाठी कुणीतरी वेगळा धागा काढा.

झेपतं. मात्र आखणी उलट्या टोकाकडून करावी लागते. काय काय बघायचं ते नंतर; आधी कुठल्या दरवाजाने आत जायचं, कुठून बाहेर पडायचं, मध्ये चाल किती आणि पायऱ्यांना वळसा आहे का, ते ठरवा. चिनी राजवाडे आणि देवळं दक्षिणोत्तर रेषेवर लांबच लांब पसरलेली असतात. दरवाजा चुकला की किलोमीटर-दीड किलोमीटरची पायपीट फुकट वाढते आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम कोलमडतो. दिवसाला मोठं ठिकाण एकच धरा.

सुरुवात गुगोंगपासून, म्हणजे निषिद्ध नगरीपासून. मिंग सम्राट योंगलने १४०६ ते १४२० या काळात ती बांधून घेतली. लांबी ९६० मीटर, रुंदी ७५० मीटर. आत जायला एकच दरवाजा, दक्षिणेचा वूमन. बाहेर पडायला दोन: उत्तरेचा शनवूमन आणि पूर्वेचा दोंगह्वामन. सोमवारी बंद, सरकारी सुट्टीचा सोमवार असेल तर उघडं. तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, एरवी ४०. सकाळ किंवा दुपार यांतली एक वेळ निवडावी लागते. विक्री सात दिवस आधी चिनी वेळेने रात्री ८ वाजता उघडते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. गर्दीच्या दिवसांची तिकिटं काही मिनिटांत संपतात, त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट क्रमांक आधीच भरून ठेवा.

कागदी तिकीट नसतं. फाटकावर मूळ पासपोर्ट वाचला जातो, छायाप्रत किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. आईचा पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा’ म्हणून हॉटेलच्या तिजोरीत ठेवला तर आई बाहेरच राहील. गळ्यातली कापडी पिशवी सगळ्यात सोयीची.

सहलवाले गट तिआनानमेन चौकातून आत नेतात. चौकाची आगाऊ नोंदणी वेगळी (मोफत असते) आणि तपासणीची रांगही वेगळी. ज्येष्ठांसोबत असाल तर चौक दुसऱ्या दिवसासाठी ठेवा किंवा सोडून द्या. टॅक्सीने दोंगह्वामनपाशी उतरा आणि खंदकाच्या कडेकडेने वूमनकडे चाला. चाल अर्ध्या-पाऊण किलोमीटरची, पण सपाट आणि झाडांखालून.

---

उत्तरायण

चांगला धागा. गुगोंगमध्ये शिरल्यावर काय, त्याबद्दल भर घालतो.

तीन मुख्य सभागृहं (ताइह, जोंगह, बाओह) पांढऱ्या दगडाच्या तीन थरांच्या, सुमारे आठ मीटर उंच चौथऱ्यावर आहेत. गर्दी त्या पायऱ्या चढते, दारातून सिंहासन बघायला ढकलाढकली करते आणि पलीकडे उतरते. ताइह सभागृहात आत जाऊ देत नाहीत, जे काय दिसतं ते उंबऱ्याबाहेरूनच. गुडघे दुखत असतील तर हा चौथरा न चढता कडेच्या दरवाजांनी मागे जाता येतं. काही उंबऱ्यांवर लाकडी वा लोखंडी उतार टाकलेले आहेत. इमारतीची भव्यता तशीही खालच्या अंगणातूनच कळते.

बाओह सभागृहाच्या उत्तर बाजूला उतारावर बसवलेली अखंड कोरीव शिळा आहे. लांबी १६ मीटरहून जास्त, वजन दोनशे टनांच्या वर. ती खालून, सपाटीवर उभं राहूनच नीट दिसते. चौथरा टाळला तरी ही चुकवू नका.

त्यानंतर सरळ उत्तरेला न जाता ईशान्येकडच्या रत्नदालनात जा. त्याचं १० युआनचं तिकीट वेगळं आहे. नऊ ड्रॅगनची भिंत तिथेच आहे, बसायला बाक आहेत आणि मधल्या रेषेपेक्षा गर्दी कमी. बाहेर पडताना शनवूमनसमोर टॅक्सी थांबू देत नाहीत, दोन्हीकडून बरंच चालावं लागतं. आई थकली असेल तर दोंगह्वामनने बाहेर पडलेलं बरं. शनवूमनसमोरच्या जिंगशान टेकडीवरून सगळ्या पिवळ्या कौलांचं दृश्य दिसतं हे खरं, पण चढ ४५ मीटरचा आहे आणि दिवसाच्या शेवटी तो कुणालाच नको असतो. टेकडी वेगळ्या सकाळी करा, तिकीट अगदी किरकोळ आहे.

---

पोह्यांचा_रवा

वाचनखूण साठवली. चीनच्या भिंतीबद्दल लिहा ना कुणीतरी. बादालिंग की मुत्यान्यू, यावर घरात दोन तट पडलेत.

---

उत्तरायण

ज्येष्ठांसोबत असाल तर माझं मत मुत्यान्यूला.

ते बीजिंगच्या ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तिकीट केंद्रापासून वर जायला अंतर्गत बस आहे. पुढे दोन पर्याय आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. बंद डब्यांचा रोपवे १४ क्रमांकाच्या बुरुजापाशी सोडतो. उघड्या खुर्च्यांची लिफ्ट ६ क्रमांकाच्या बुरुजापाशी सोडते आणि घसरगाडी तिथूनच खाली येते. दोन्हींचे चालक वेगळे, तिकिटं एकमेकांत चालत नाहीत. एकाने वर गेलात आणि दुसऱ्याने उतरायचं ठरवलंत तर पुन्हा पैसे मोजा. खुर्चीची लिफ्ट पूर्ण थांबत नाही, चालत्या खुर्चीवर पटकन बसावं लागतं. म्हणून आईवडिलांसाठी बंद डब्यांचा रोपवेच, जातायेता एकच तिकीट. घसरगाडीला वयाची मर्यादा आहे, तो विचार सोडा.

१४ नंबरला उतरल्यावर डावी-उजवी महत्त्वाची. २०कडे जाणारी बाजू चढत जाते आणि शेवटी शिडीसारखी उभी होते, सगळे फोटो तिथलेच असतात. ६कडे जाणारी बाजू त्यामानाने सौम्य. त्या बाजूने दोन-तीन बुरुज जाऊन परत फिरलात तरी भिंत बघून झाली. पायऱ्यांची उंची सारखी नाही, एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याला लागणारी. त्यामुळे उतरतानाच जास्त त्रास होतो. रबरी टोकाची काठी न्या. धातूचं टोक दगडावर घसरतं.

---

कोकणकडा

बादालिंगला एवढं मोडीत काढू नका. डिसेंबर २०१९पासून तिथे वेगवान रेल्वेचं स्थानक आहे, जमिनीखाली सुमारे १०० मीटर. बीजिंग उत्तर किंवा छिंगह स्थानकावरून गाडी पकडली की घाटातला बसप्रवास वाचतो. आईला गाडी लागत असेल तर हा मोठा फायदा. रोपवे तिथेही आहे. भिंत रुंद आहे आणि जागोजागी कठडे आहेत.

---

उत्तरायण

रेल्वेचा मुद्दा मान्य. पण रोपवे जिथे सोडतो तो उत्तरेकडचा सर्वांत उंच भाग आहे आणि उतार तिथेच सर्वांत तीव्र. त्यात शनिवार-रविवारी माणसामागे माणूस. मागचा थांबू देत नाही आणि आई मध्येच थांबणार. बादालिंगच करायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार आणि दिवसाची पहिली गाडी.

---

निरगुडी

बीजिंगमधली आणखी दोन ठिकाणं, ज्येष्ठांना गुगोंगपेक्षाही जास्त रुचणारी.

थ्यानथान, म्हणजे स्वर्गमंदिर. हेही १४२०चंच. गोल प्रार्थना सभागृह ३८ मीटर उंच, आत २८ लाकडी खांब. १८८९मध्ये वीज पडून जळालं, नंतर पुन्हा उभारलं. भुयारी रेल्वेच्या ५ नंबर मार्गावर थ्यानथान दोंगमन स्थानक आहे. पूर्व दरवाजाने शिरा, सभागृह तिथून सर्वांत जवळ. दक्षिण दरवाजाने इतिहासाचा क्रम बरोबर लागतो असं गाइड सांगतात, पण त्यात चाल बरीच वाढते. पूर्व दरवाजापासूनच्या लांब ओवरीत सकाळी शहरातले आजी-आजोबा पत्ते, बुद्धिबळ, गाणी यांत रमलेले असतात. आठ-साडेआठला पोचा. दहानंतर हे सगळं पांगतं. तिकीट घेताना आतल्या इमारतींसह असलेलं जोडतिकीट घ्या. नुसत्या बागेचं तिकीट स्वस्त, पण त्यावर सभागृहाच्या अंगणात सोडत नाहीत.

यिहयुआन, म्हणजे उन्हाळी राजवाडा. १७५०मध्ये छ्येनलोंगने सुरू केला, १८६०मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने जाळला, पुढे सम्राज्ञी त्सिशीने पुन्हा उभारला. भुयारी रेल्वेचं बैगोंगमन स्थानक उत्तर दरवाजाला लागून आहे म्हणून नकाशा तिकडे नेतो. नका जाऊ. त्या बाजूने आख्खी टेकडी चढून तळ्याकडे उतरावं लागतं. एक स्थानक अलीकडे शीयुआनला उतरा आणि पूर्व दरवाजाने या. मग ७२८ मीटर लांबीची रंगवलेली ओवरी, सगळी सपाट, छप्पर डोक्यावर, बाजूने बसायला कठडे. शेवटी संगमरवरी नौका. तिथून तळ्यातल्या बोटीने परत या, म्हणजे तेवढंच अंतर पुन्हा चालायला नको. तळं गोठण्याच्या मोसमात बोटी बंद असतात.

---

शिकरण

व्हिसाचं कसं? मी अमेरिकन पासपोर्टवर, आई भारतीय. मला २४० तासांची सवलत आहे असं वाचलं.

---

दस्तऐवज

२४० तासांची व्हिसामुक्त ‘संक्रमण’ सवलत ज्या देशांना आहे त्यांत अमेरिका आहे, भारत नाही. आईला पूर्ण पर्यटक व्हिसा लागेल. आईकडे ग्रीन कार्ड असलं तरी फरक पडत नाही, पासपोर्ट कुठला ते बघतात.

तुमच्या सवलतीची मुख्य अट म्हणजे चीनमधून तिसऱ्याच ठिकाणी जायचं. सॅन फ्रान्सिस्को–बीजिंग–मुंबई चालेल. सॅन फ्रान्सिस्को–बीजिंग–सॅन फ्रान्सिस्को चालणार नाही. हाँगकाँग तिसरं ठिकाण धरलं जातं. पुढचं पक्कं तिकीट विमान कंपनीच्या काउंटरवरच मागतात. सवलतीत कोणत्या प्रांतांत फिरता येतं याची यादी ठरलेली आहे. दातोंग, लुओयांग तिकिटात घालण्याआधी ती बघून घ्या.

भारतीय पासपोर्टसाठी: अर्ज ऑनलाइन भरून मग व्हिसा केंद्रात कागदपत्रं द्यायची. पासपोर्ट किमान सहा महिने वैध, कोरी पानं शिल्लक. मुंबईहून हाँगकाँगमार्गे जाऊन मध्ये बीजिंग–हाँगकाँग–शांघाय अशी उडी मारणार असाल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. हाँगकाँगला उतरलात म्हणजे चीनमधून बाहेर पडलात, एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. शिवाय हाँगकाँगसाठी भारतीयांना आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच असतं. रेल्वे, गुगोंग, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर छापलंय तसंच आणि त्याच क्रमाने लिहा. विमानाच्या तिकिटावर मधलं नाव गाळलेलं एकवेळ खपतं, चिनी रेल्वेच्या ॲपमध्ये पडताळणीच अडकते.

---

पोह्यांचा_रवा

पैसे कसे द्यायचे? आणि कधी जायचं? दिवाळीची सुट्टी धरून विचार चाललाय.

---

दस्तऐवज

अलिपे आणि वीचॅट, दोन्ही ॲप भारतातूनच टाका, पासपोर्टने ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलिपे अधिभार लावत नाही, वर गेलं की ३ टक्के. कार्ड जोडताना ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह जिवंत ठेवा आणि डेटासाठी वेगळं ई-सिम घ्या. परदेशी ई-सिमवर व्हॉट्सॲप, गूगल चालतं. हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. आईच्या फोनमध्येही ई-सिम हवं, नाहीतर गर्दीत ती वेगळी पडली तर संपर्काला काहीच नाही. आईच्या खिशात हॉटेलचं चिनी लिपीतलं कार्ड आणि शे-दोनशे युआनच्या सुट्या नोटा ठेवा. रोख घेतात, पण सुटे परत द्यायला दुकानदाराकडे बहुतेक वेळा नसतात.

नकाशासाठी गावद (अमॅप), त्याची इंग्रजी आवृत्ती आहे. गूगल नकाशावर तिथल्या जागा सरकलेल्या दिसतात. टॅक्सीसाठी दीदी, अलिपेच्या आतूनच उघडते.

---

कोकणकडा

तारखांचं मी सांगतो. १ ते ७ ऑक्टोबर, १ ते ५ मे आणि चिनी नववर्ष, हे तीन काळ ज्येष्ठांना घेऊन अजिबात नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये चिनी शाळांना सुट्टी आणि वर पस्तिशीपार ऊन. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत उत्तम, आपल्या मुलांच्या सुट्टीतही बसतं.

२०२६ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. त्यानंतर लगेच निघालात तर एक गोष्ट लक्षात घ्या. बीजिंगमध्ये इमारती गरम ठेवणारी सार्वजनिक वाहिनी साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होते. त्याआधीच्या आठवड्यात बाहेर पहाटे शून्याजवळ आणि जुन्या इमारतीतली खोलीही गारच. स्वतंत्र वातानुकूलन असलेलं हॉटेल घ्या. गल्लीतल्या जुन्या चौसोपी वाड्यांत राहायची हौस कितीही असली तरी उंच उंबरे, निसरडं न्हाणीघर आणि गाडी दाराशी न येणं, ही तीन कारणं पुरेशी आहेत. बीजिंगमध्ये वांगफुजिंग-दोंगस्सच्या आसपास, शीआनमध्ये तटबंदीच्या आत घंटामनोऱ्याजवळ, लिफ्टवालं साधं हॉटेल बघा.

---

लेणीवेडा

दातोंगबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बीजिंगहून वेगवान गाडीने दोनेक तास. युनगांगची लेणी उत्तर वेई राजवटीत ४६०च्या सुमारास कोरायला घेतली. अजिंठ्यात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं मोठं काम चाललं होतं तेही याच सुमाराचं. दोन्ही बघितलेल्या माणसाला तुलना करायला रान मोकळं.

मुख्य मुद्दा हा की युनगांगची लेणी कड्याच्या पायथ्याशी, जवळजवळ एका पातळीवर ओळीने आहेत. अजिंठ्यासारखं सुरुवातीलाच जिने चढायला नाहीत. फाटकापासून लेण्यांपर्यंतचं अंतर बरंच आहे, तिथे विजेची गाडी घ्या. २० नंबरचा उघड्यावरचा १३.७ मीटरचा बुद्ध सगळ्यांना माहीत असतो. ५ आणि ६ नंबरची लेणी आधी करा, रांग तिथे लागते. दातोंग हजार मीटरहून उंच आहे, वारा बोचरा. मेमध्येही वडिलांना कानटोपी लागेल.

दातोंगहून सगळे लोंबत्या मठाकडे जातात. ज्येष्ठांना नेऊ नका. अरुंद लाकडी जिने, एकेरी वाट, मागे वळायला जागा नाही. दरीच्या तळातून बघणं पुरतं.

---

उत्तरायण

लुओयांगच्या लोंगमन लेण्यांपेक्षा युनगांग बरं, असं म्हणताय का?

---

लेणीवेडा

गुडघ्यांच्या दृष्टीने हो. लोंगमनला पश्चिम तीरावर लेणी वरखाली विखुरली आहेत आणि फंगश्येन या मुख्य लेण्यातल्या १७.१४ मीटरच्या वैरोचन बुद्धापर्यंत दगडी जिना चढावा लागतो. ती मूर्ती ६७५ची, खर्चाला सम्राज्ञी वू त्सत्येनने हातभार लावलेला. पण वळसा आहे: पुलावरून यी नदी ओलांडून पूर्व तीरावर जा. समोरून अख्खं फंगश्येन एका दृष्टिक्षेपात दिसतं, तेही सपाट रस्त्यावरून. आईला तिथे बाकावर बसवून तरुणांनी जिना चढावा. दुपारनंतर सूर्य लेण्यांच्या मागे जातो, म्हणून सकाळीच.

लुओयांगला गेलात तर श्वेताश्व मठ सोडू नका, सगळं सपाट आहे. परंपरेने इ. स. ६८चा. काश्यप मातंग आणि धर्मरत्न या भारतीय भिक्षूंच्या समाध्या आवारातच आहेत. सांचीच्या धर्तीवर भारताने बांधून दिलेलं मंदिरही तिथे आहे. त्याचं उद्घाटन २०१०मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं.

---

सिद्धेश्वर_पेठ

बीजिंग–शीआन गाडीच्या वाटेवर श्‍रज्याज्वांग (शिजियाझुआंग) लागतं. तिथल्या हुतात्मा स्मारक उद्यानात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आणि पुतळा आहे. सोलापूरचे कोटणीस १९३८च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला चीनमध्येच वारले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी याच उद्यानात आहे. उद्यान शहरात, जोंगशान पश्चिम मार्गावर, आत सपाट रस्ते. सामान घेऊन मध्ये उतरण्यापेक्षा बीजिंगहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं सोपं. आपल्या आधीच्या पिढीला हे ठिकाण माहीत असतं, म्हणून आवर्जून विचारा.

---

निरगुडी

वा, हे राहून जाणारच होतं. आता शीआन.

मातीचे सैनिक (चीनचा पहिला सम्राट छिन श्र ह्वांगच्या समाधीजवळ पुरलेले) शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, लिंतोंगला. मार्च १९७४मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. तिकीट १२० युआन, पासपोर्टवर आगाऊ. फाटकापासून खड्ड्यांपर्यंत बरीच चाल, विजेची गाडी घ्या. क्रम ३, २, १ असा ठेवा. १ नंबर सर्वांत भव्य (२३० बाय ६२ मीटर), तो आधी बघितला तर बाकीचे फिके वाटतात. पण आई लवकर दमत असेल तर सरळ १ नंबर आणि मग बाहेर. १ नंबरमध्ये दारासमोरच्या कठड्याला पाच-सहा रांगा असतात. तिथे घुसू नका. बाजूच्या मार्गाने मागे जात राहा, गर्दी विरळ होते आणि जोडणी चालू असलेले सैनिक मागेच दिसतात. कांस्यरथ आता आवारात नाहीत. ते समाधीच्या बागेत वेगळ्या संग्रहालयात आहेत, त्याच तिकिटात, मोफत बसने. अनेक सहलवाले ते गाळतात आणि त्या वेळात पुतळ्यांच्या कारखान्यात नेतात. गाडी ठरवतानाच ‘दुकान नको, कारखाना नको’ हे भाषांतर ॲपमध्ये लिहून दाखवा. बाहेर पडायचा रस्ता दुकानांच्या लांब गल्लीतून जातो, त्यासाठी ताकद राखून ठेवा.

शहराची तटबंदी मिंग काळातली, घेर १३.७ किलोमीटर, माथ्यावर बारा-चौदा मीटर रुंद. एकदा वर चढलात की सपाट, आणि पर्यटकांसाठी विजेची गाडी फिरते. दक्षिणेच्या योंगनिंग दरवाजाने, उन्हं उतरताना.

मोठा हंस-स्तूप ६५२चा, ह्युएनत्संगाने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी. हा ह्युएनत्संग पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला होता आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला. देवळाच्या आवारातून स्तूप पोटभर बघा. वर चढायचं तिकीट वेगळं, सात मजले जिना, वरून दिसतात त्या बहुतांशी नव्या इमारती.

---

शिकरण

खाण्याचं काय? आई अंडंही खात नाही.

---

चटणीभाकर

‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी. एवढ्यावर भागत नाही. भाजीत डुकराची चरबी, कोंबडीचं पाणी किंवा कालवांचा सॉस असू शकतो. चिनीत लिहिलेलं कार्ड करा: मांस नको, मासे नको, अंडं नको, प्राण्याची चरबी नको, मांसाचं पाणी नको. बऱ्यापैकी भरवशाचे पदार्थ: बटाट्याचा आंबट-तिखट कीस (थूदोउ स), वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची भाजी (दी सान श्येन), साधा भात (मीफान), शीआनची गार ल्यांगपी (पिठाच्या रुंद शेवया). मापो तोफू आणि परतलेल्या शेंगा शाकाहारी दिसतात, त्यांत बहुधा खिमा असतो. मोठ्या बौद्ध मठांजवळ ‘सूश्र’ पाटीची शाकाहारी खानावळ शोधा. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात डुक्कर नसतं, पण गोमांस आणि मेंढी सर्रास.

रेल्वे डबा, स्थानक, विमानतळ, सगळीकडे उकळत्या पाण्याचा नळ असतो. झाकणाचा स्टीलचा डबा, उपम्याची आणि पोह्यांची तयार पाकिटं न्या. ताजी फळं, मांस, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. रोज एक जेवण डब्यातलं धरलं की पोट बिघडत नाही.

स्वच्छतागृहात कागद नसतो आणि पाण्याचा जेटही नसतो. टिश्यू आणि लहान बाटली जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचीच बैठक आहे. उठबस जमत नसेल तर व्हीलचेअरच्या खुणेची वेगळी खोली शोधा, कमोड तिथे मिळतो.

---

दस्तऐवज

औषधांबद्दल थोडं. मूळ वेष्टनात, घटकद्रव्याचं नाव असलेल्या चिठ्ठीसह, अर्धी हातसामानात. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०. सरकारी रुग्णालयात पैसे आधी भरावे लागतात. विम्याच्या दाव्यासाठी ‘फाप्याव’ म्हणजे अधिकृत पावती मागून घ्या, साध्या बिलावर दावा अडतो.

---

पोह्यांचा_रवा

शेवटचं: बीजिंग–शीआन विमान की रेल्वे? आणि व्हीलचेअर लागली तर?

---

कोकणकडा

रेल्वे. बीजिंग पश्चिम ते शीआन उत्तर साडेचार ते सहा तास. थांबे कमी असलेली गाडी घ्या. आरक्षण १५ दिवस आधी, १२३०६ या सरकारी ॲपवर, पासपोर्ट हेच तिकीट. पासपोर्ट स्वयंचलित फाटकात वाचला गेला नाही तर कडेला माणूस बसलेला फाटक असतं, तिथे जा. स्थानकं विमानतळाएवढी आहेत आणि फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं. आई असताना तासभर आधी पोचा. त्याच ॲपवर वृद्ध-अपंग प्रवाशांसाठी मदतीची मागणी नोंदवता येते, कर्मचारी व्हीलचेअरने डब्यापर्यंत नेतात. मोठ्या प्रेक्षणीय ठिकाणी अनामत ठेवून व्हीलचेअर मिळते. स्वतःची नेणार असाल तर हाताने ढकलायची, घडीची, मोठ्या चाकांची. लहान चाकं फरसबंदीत अडकतात. उंबऱ्यावर खुर्ची मागे झुकवून पुढची चाकं आधी पार करायची आणि उतारावर खुर्ची उलटी फिरवून न्यायची.

विमानच घेतलंत तर पॉवर बँक तपासा. जून २०२५च्या अखेरीपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनचं सुरक्षा-प्रमाणन) चिन्ह नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत आणि भारतात घेतलेल्यांवर ते सहसा नसतं. तिथे पोचल्यावर चिन्ह असलेली नवी घ्या, कुठल्याही मॉलमध्ये मिळते.